तांब्यावर उतरलेले वेरूळ

वेरूळचे कैलास लेणे ज्या माणसाने विलायतेतल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत नेऊन पोचवले, त्याने स्वतः वेरूळ कधी पाहिले नव्हते. थॉमस डॅनियल हे त्याचे नाव. तो १७४९ साली जन्मला आणि १८४० साली वारला. एक्क्याण्णव वर्षांच्या या दीर्घ आयुष्यातली जेमतेम आठ वर्षे तो हिंदुस्थानात होता. पण उरलेले सारे आयुष्य त्याने त्या आठ वर्षांच्या व्याजावर काढले, असे म्हटले तर माझ्यासारख्या बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला ते बोलणे शोभून दिसेल.

त्याचे नाव पुष्कळांना ठाऊक नसेल, पण त्याची चित्रे बहुतेकांनी पाहिलेली असतात. जुन्या कॅलेंडरांवर, मोठ्या हॉटेलांच्या भिंतींवर, इतिहासाच्या पुस्तकांत ती सतत भेटतात. फिकट निळे आकाश, मातकट उजेड, मध्यभागी एखादे भव्य देऊळ किंवा मशीद, पायथ्याशी मुंगीएवढी माणसे, बाजूला एखादा हत्ती. ताजमहाल, दिल्लीची जामा मशीद, मदुरेचा मंडप, महाबलीपुरम. छायाचित्रकला जन्माला येण्याच्या आधीचा हिंदुस्थान आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो बव्हंशी या माणसाच्या आणि त्याच्या पुतण्याच्या नजरेतून.

थॉमसच्या बापाची टेम्स नदीच्या परिसरात चर्टसी गावी सराई होती. पोराला चित्रांचा नाद, म्हणून त्याला घोडागाड्या रंगवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवले. त्या काळी लंडनच्या सरदारांच्या गाड्यांच्या दारांवर त्यांच्या घराण्याची चिन्हे, फुले, वेली रंगवून घेण्याची पद्धत होती. आपल्याकडे ट्रकच्या मागे रंगकाम करणाऱ्या पेंटरचा हात जसा सराईत असतो, तसा त्याचा हात तयार झाला. पुढे १७७३ साली तो रॉयल अकादमीच्या शाळेत शिकायला गेला. चित्रे प्रदर्शनांत लागू लागली, पण लंडनमध्ये चित्रकारांची वाण नव्हती आणि पोट काही भरेना. त्याच सुमारास, १७७९ मध्ये, त्याचा भाऊ वारला आणि भावाचा दहा वर्षांचा मुलगा विल्यम काकाच्या घरी राहायला आला. लग्न न केलेला काका आणि बाप नसलेला पुतण्या अशी ही जोडी जमली ती जवळजवळ साठ वर्षे टिकली.

१७८४ च्या अखेरीस थॉमसने ईस्ट इंडिया कंपनीकडे बंगालला जाण्याची परवानगी मागितली. परवानगी मिळाली ती कोरकाम करणारा कारागीर म्हणून, आणि विल्यम त्याचा मदतनीस. १७८५ च्या एप्रिलमध्ये काका-पुतणे जहाजावर चढले, तेव्हा विल्यम सोळा वर्षांचा होता. आधी चीन आणि तिथून १७८६ मध्ये कलकत्ता असा त्यांचा प्रवास झाला.

कलकत्त्यात थॉमसने पहिला बेत आखला तो शहराची बारा दृश्ये छापून विकण्याचा. आगाऊ वर्गणी बारा सोन्याच्या मोहरा. जाहिरात देणे सोपे होते, पण छापखान्याची सामग्री आणि हात कुठून आणायचे? शेवटी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने कळवले, की चित्रकार, कोरक्या, तांबट, छपाईवाला आणि छपाईवाल्याचा पोऱ्या ही सगळी कामे आपल्यालाच करावी लागली आणि आपण पार थकून गेलो आहोत. यातला तांबट हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. तो पुढे पुण्यात पुन्हा भेटणार आहे.

ही चित्रे छापत कशी, हे थोडे सांगायला हवे. या पद्धतीला अ‍ॅक्वाटिंट म्हणतात. गुळगुळीत घासलेल्या तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड भुरभुरवायची आणि पत्रा खालून तापवायचा. राळेचा कण न् कण वितळून पत्र्याला चिकटतो. मग पत्र्यावर आम्ल सोडले की ते कणांच्या मधल्या फटींतले तांबे खाते आणि तिथे सूक्ष्म खळगे पडतात. जितका वेळ आम्ल, तितका खळगा खोल आणि तितकी छपाईत छाया गडद. आकाशासारखा जो भाग पांढरा ठेवायचा, तो आधीच वार्निशने झाकायचा. त्याहून किंचित गडद भाग थोड्या वेळाने झाकायचा. असे करत करत सगळ्यात काळोखी कोपरा शेवटपर्यंत आम्लात राहू द्यायचा. मग पत्र्यावर शाई चोळून वरची पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवून यंत्राखाली दाबायचा. छापलेल्या कागदावर नंतर हाताने जलरंग भरायचे. यात आणखी एक गोम अशी, की छाप उलटी उठते. म्हणजे देवळाचे डावे शिखर कागदावर डावीकडे यायचे असेल, तर पत्र्यावर ते उजवीकडे कोरायला हवे. सारे देऊळ आरशात पाहिल्यासारखे मनात उलटे उभे करायचे! आमच्या शेजारच्या हुपरीतल्या चांदीकाम करणाऱ्या माणसाला आम्ल आणि धातू यांचे हे नाते समजावून सांगायला नको. किती वेळ ठेवायचे आणि कधी बाहेर काढायचे, हे पुस्तकात लिहिलेले नसते. ते हाताला कळते.

कलकत्त्याची कमाई गाठीला बांधून काका-पुतणे १७८८ मध्ये उत्तरेकडे निघाले. गंगेने नावेतून, पुढे पालखीतून, घोड्यावरून. आग्रा, फत्तेपूर सिक्री, दिल्ली करत ते थेट गढवालातल्या श्रीनगरपर्यंत जाऊन आले. विल्यम रोजनिशी लिहीत असे. दृश्य कागदावर बरोबर उतरावे म्हणून त्यांच्याजवळ कॅमेरा ऑब्स्क्युरा नावाची पेटी होती. तिच्या भिंगातून समोरच्या इमारतीची प्रतिमा कागदावर पडे आणि रेषा गिरवता येत. कमानींची संख्या, खांबांचे अंतर, घुमटाचा फुगवटा यांत म्हणूनच ते सहसा चुकत नाहीत. पैसे संपले तेव्हा कलकत्त्यात त्यांनी आपल्या तैलचित्रांची लॉटरी काढली आणि त्या पैशांतून १७९२ मध्ये दक्षिणेची वाट धरली. कर्ज काढून सफर करण्यापेक्षा तिकिटे विकून सफर करणारा हा कलावंत मला हिशेबाचा पक्का वाटतो.

दिल्लीच्या कुतुबमिनाराचे एक उदाहरण इथे सांगतो. डॅनियल मंडळींनी तो पाहिला १७८९ मध्ये. त्यानंतर १८०३ च्या भूकंपात मिनाराचे नुकसान झाले आणि वरची छत्री पडली. पुढे रॉबर्ट स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या मर्जीची नवी छत्री वर चढवली. ती इतकी विजोड दिसली की १८४८ मध्ये उतरवून खाली हिरवळीवर ठेवावी लागली. भूकंपापूर्वी मिनार पाहून, रेखाटून ज्यांनी कागदावर ठेवला अशा मोजक्या लोकांत हे काका-पुतणे आहेत. दगडाला आपण चिरंजीव समजतो आणि कागदाला क्षणभंगुर. प्रत्यक्षात कधी कधी हिशेब उलटा निघतो.

मद्रासहून समुद्रमार्गे ते मुंबईला उतरले ते १७९३ च्या मार्चमध्ये. इथे त्यांची गाठ पडली जेम्स वेल्सशी आणि इथेच ही गोष्ट आपल्या घरात शिरते.

वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार. १७९१ मध्ये तो मुंबईला आला आणि लवकरच पुण्याच्या दरबारात रुळला. पुण्यातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट हा त्याचा पाठीराखा. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची जी चित्रे आपण शाळेच्या पुस्तकांपासून पाहत आलो, त्यांच्या मुळाशी वेल्सचा कुंचला आहे. त्याच्या प्रेरणेने शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा सुरू झाली. तिथला सगळ्यांत गुणी विद्यार्थी म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा त्याने १७९० मध्ये काढला, तो आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहे. चित्र पाहिले की कळते, या माणसाने जनावर नुसते बघितले नव्हते, त्याच्या कातडीच्या घड्या मोजल्या होत्या. मॅलेटसाठी गंगारामने वेरूळची लेणीही रेखाटली.

वेल्सने डॅनियल काका-पुतण्यांना मुंबईच्या आसपासची लेणी दाखवली. घारापुरीची त्रिमूर्ती, साष्टीतली कान्हेरी. देवळांच्या ओढीने अख्खा देश पायाखाली घातलेल्या या दोघांना डोंगर पोखरून केलेली ही वास्तुकला निराळीच वाटली असणार, कारण पुढे त्यांच्या संग्रहात तिला मानाची जागा मिळाली. पण थांबायला सवड नव्हती. मे महिन्यात त्यांनी मुंबई सोडली आणि चीनचा वळसा घालून सप्टेंबर १७९४ मध्ये ते विलायतेला पोचले. घाट चढून वेरूळला जाणे राहून गेले.

इकडे १७९५ मध्ये वेल्स वेरूळला जाऊन बसला. रॉबर्ट मेबन नावाचा सहकारी आणि गंगाराम त्याच्या मदतीला होते. चोवीस चित्रांचा भव्य ग्रंथ काढायचा त्याचा बेत होता. पण त्याच वर्षी साष्टीच्या लेण्यांत काम करताना त्याला ताप भरला आणि नोव्हेंबरमध्ये ठाण्याला त्याचा अंत झाला. त्याच सुमारास पुण्यात सवाई माधवरावांचाही अंत झाला होता. शाळेचा गुरू गेला, आश्रय देणारा धनी गेला. मॅलेट काही वर्षांत मायदेशी परतला, वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी १७९९ मध्ये विवाहबद्ध झाला आणि सासऱ्याच्या चित्रांचे बाड त्याने थॉमस डॅनियलच्या हाती दिले.

डॅनियल काका-पुतण्यांचे तेव्हा लंडनमध्ये आयुष्यातले सर्वांत मोठे काम चालले होते. ‘ओरिएंटल सीनरी’ या नावाने १७९५ पासून १८०८ पर्यंत सहा भागांत त्यांनी एकशे चव्वेचाळीस चित्रे प्रसिद्ध केली. संपूर्ण संचाची किंमत २१० पौंड होती. त्या काळी सामान्य माणसाने ती ऐकूनच घरी जावे. विल्यम या काळात सकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत तांब्याच्या पत्र्यांशी झुंजत होता, आणि तेही एकदोन महिने नव्हे, वर्षानुवर्षे. रेखाटन काकाचे, पत्र्यावरची मेहनत पुतण्याची, अशी कामाची वाटणी. वेरूळची चोवीस चित्रे याच मालिकेचा भाग म्हणून १८०३ मध्ये निघाली. न पाहिलेले वेरूळ डॅनियलने वेल्सच्या रेषांवरून तांब्यावर उलटे उतरवले आणि कागदावर सुलटे उठवले. कैलासाचा प्रचंड काळा कातळ, त्यातून बाहेर येणारे हत्ती, अंगणातला स्तंभ. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या पाथरवटांनी वरून खाली खणत आणलेले देऊळ हजार वर्षांनी लंडनच्या एका कारखान्यात पुन्हा खणले गेले, या खेपेला आम्लाने.

आता मला जे खुपते ते सांगतो. अशा छापील चित्राच्या तळाशी डावीकडे चित्र काढणाऱ्याचे नाव आणि उजवीकडे कोरणाऱ्याचे नाव घालण्याची रीत होती. बँकेच्या व्हाउचरवर जशी तयार करणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची सही असते, तशीच ही शिस्त. तीस-बत्तीस वर्षे मी सह्या पाहण्यात घालवली. सही ही नुसती नावाची हौस नसते. कोणी केले आणि जबाबदार कोण, या दोन प्रश्नांचे ते उत्तर असते. वेरूळच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत, चित्रे वेल्सची आणि कोरकाम डॅनियलचे किंवा त्याच्या देखरेखीखालचे. स्वतः वेरूळ न पाहिलेल्या डॅनियलने वेल्सचे नाव प्रामाणिकपणे वर ठेवले, हा त्याचा सचोटीचा व्यवहार मानायला हवा. मेलेला माणूस काही आपले नाव मागायला येत नाही. पण तिसरे नाव तिथे नाही. वेल्सबरोबर उन्हात बसलेल्या पुण्याच्या तांबटाचे.

यात थॉमस डॅनियलला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असे मला वाटत नाही. त्याच्या हाती आलेल्या बाडावर वेल्सचे नाव होते, तेच त्याने छापले. नाव गळते ते बहुधा असेच. कोणी मुद्दाम खोडत नाही, एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ते मागे राहते. गंगारामचे नाव पुन्हा वर आले ते त्याची स्वतःची रेखाटने परदेशी संग्रहात जपली गेली आणि अभ्यासकांनी ती उलगडून पाहिली म्हणून. म्हणजे त्यालाही अखेर कागदानेच तारले.

थॉमसचे आणखी एक चित्र आपल्या इतिहासाशी जोडलेले आहे. १७९० मध्ये मॅलेटने पुण्याच्या दरबारात पेशव्यांशी टिपूविरुद्धचा तह केला, त्या प्रसंगाचे मोठे तैलचित्र त्याने १८०५ मध्ये पुरे केले. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. तह झाला तेव्हा काका-पुतणे उत्तर हिंदुस्थानात हिंडत होते. गणेश दरबारातली ती दाटी, त्या पगड्या, ते चेहरे हे सगळे त्याने वेल्स आणि मेबन यांच्या कागदांवरून उभे केले. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला या गोष्टीचे नवल वाटत नाही, हेवा वाटतो. न पाहिलेला दरबार खरा वाटावा, यासाठी दुसऱ्यांच्या नोंदींवर केवढा विश्वास आणि स्वतःच्या हातावर केवढा ताबा हवा!

थॉमसच्या हिंदुस्थानची सावली पुढे इंग्लंडच्या मातीतही पडली. ग्लॉस्टरशरमध्ये सेझिनकोट नावाची एक हवेली आहे. कंपनीच्या नोकरीत पैसा कमावलेल्या सर चार्ल्स कॉकरेलने ती घुमट आणि छत्र्या लावून बांधून घेतली, तेव्हा बागेची आखणी थॉमसने केली. तिथे सूर्याचे एक छोटे देऊळ आहे आणि ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर चक्क नंदी बसवले आहेत. हे वाचले तेव्हा मला आमच्या शिरोळ तालुक्यातले खिद्रापूर आठवले. तिथे कोपेश्वराच्या पुढ्यात नंदी नाही. तो नदीपलीकडे यडूरला आहे, असे आमच्याकडे लहान मुलेही सांगतात. शंकराच्या दारात नंदी नाही आणि इंग्रजांच्या पुलावर मात्र आहे, ही गंमत मी पाहुण्यांना हमखास सांगतो.

खिद्रापूरचा विषय निघालाच आहे तर थोडे बोलतो. डॅनियल या बाजूला आले नाहीत. मद्रासहून मुंबईला ते समुद्राने गेले, त्यामुळे कृष्णाकाठ त्यांच्या वाटेत नव्हता. स्वर्गमंडपाच्या छताचे ते गोल मोकळे आभाळ, त्याखालची खांबांची वर्तुळे, बाहेरच्या अंगाने देऊळ पाठीवर तोलून उभे असलेले हत्ती हे सारे त्यांच्या पेटीच्या भिंगातून कसे दिसले असते, असा विचार मनात येतो. यादव राजा सिंघणाचे नाव तिथल्या १२१३ च्या शिलालेखात आहे. ते नाव आपण सांगतो. हत्ती घडवणाऱ्या पाथरवटाचे नाव आपल्या तोंडी नाही. गंगारामची गोष्ट म्हणजे काही परक्यांनीच केलेला प्रमाद नव्हे, ही आपलीही जुनी सवय आहे.

आणि कृष्णाकाठी राहणाऱ्याला जपून ठेवणे म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही. २००५, २०१९, २०२१ या तीन महापुरांनी आमच्या तालुक्यातल्या किती घरांतले फोटो, खरेदीखते, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले चिखल करून टाकले! ज्याची दुसरी प्रत दुसऱ्या गावी होती, तेवढे वाचले. अजिंठ्याची रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे खपून केलेली चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पुढे ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही कित्येक १८८५ च्या आगीत गेल्या. रंगवलेली प्रत एकच असते. डॅनियलने मात्र तांब्यावर कोरून अनेक प्रती केल्या, त्या अनेक घरांत, अनेक शहरांत पांगल्या, म्हणून त्याचा हिंदुस्थान वाचला. कोरकाम या कलेचे सारे मर्म मला यातच दिसते.

पुढे पुतण्याने काकालाही मागे टाकले. विल्यमने ग्रेट ब्रिटनच्या किनाऱ्याला फेरी मारून १८१४ ते १८२५ या काळात तीनशे आठ चित्रांचा प्रचंड संग्रह काढला. काका १७९९ मध्ये रॉयल अकादमीचा पूर्ण सभासद झाला होता, पुतण्या १८२२ मध्ये झाला. बँकवाल्यांना रस वाटेल अशी एक नोंद इथे करतो. कॅप्टन रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले याने पश्चिम हिंदुस्थानातल्या दृश्यांचा आणि वास्तूंचा चित्रसंग्रह १८२६ ते १८३० या काळात काढला, त्यातल्या काही चित्रांना विल्यमचाही हात लागला आहे. हाच ग्रिंडले पुढे नावारूपाला आलेल्या ग्रिंडलेज बँकेचा मूळ पुरुष.

१८३७ च्या ऑगस्टमध्ये विल्यम वारला. ज्याला दहा वर्षांचा असताना पदराखाली घेतले, त्याला अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या काकाला निरोप द्यावा लागला. त्यानंतर थॉमस तीन वर्षेही जगला नाही. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्राचा शोध जाहीर झाला. इमारतीची प्रतिमा आता धातूच्या पत्र्यावर उजेडच उमटवणार होता. त्याला राळ नको होती, सकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत बसणारा पुतण्याही नको होता. पुढच्या वर्षी मार्चमध्ये थॉमसने डोळे मिटले.

दोनशे वर्षांनी, १९९५ ते १९९७ च्या दरम्यान, अंतोनिओ मार्टिनेली नावाचा छायाचित्रकार डॅनियलची चित्रे हातात घेऊन देशभर हिंडला आणि जिथे उभे राहून काका-पुतण्यांनी रेखाटने केली त्या जागा शोधून त्याने तिथून छायाचित्रे काढली. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की कुठे झाड गेलेले दिसते, कुठे नदी सरकलेली, कुठे वस्ती चढलेली. इमारती मात्र बहुतेक जागच्या जागी भेटतात. डॅनियलने आकाशात थोडे जास्त ढग घातले असतील, एखादा हत्ती पदरचा उभा केला असेल, पण खांब मोजताना त्याने लबाडी केली नाही.

आमच्या भागातल्या शाळांमधून चित्रकलेच्या परीक्षांना बसणारी मुले दरवर्षी असतात. त्यांनी एखाद्या सुट्टीत खिद्रापूरला जावे, पट्टी आणि दोरी घेऊन खांबांचे माप काढावे, हत्ती मोजावेत, फुटलेली सोंड फुटलेलीच काढावी. चित्राच्या आणखी दोन प्रती कराव्यात आणि एक तरी परगावच्या नातेवाइकाकडे ठेवावी. आणि कागदाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात तारीख घालून आपले पूर्ण नाव लिहावे. माप धरायला जो सोबती आला असेल, त्याचेही.